लॉज, होमस्टे आणि अकरा नावांची मिळकत पत्रिका

पाणंदीच्या तोंडाशी टेप धरला तर तीन मीटर वीस भरले. तिथून घराच्या खळ्यापर्यंत ऐंशी-पंच्याऐंशी पावलं. मध्यावर डाव्या हाताला फणसाचं मूळ गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, खालून वर आलंय आणि गडग्याने रस्त्यात पोट काढलंय. तिथे दोन मीटर सत्तर. रिक्षा जाते, आरसा मिटून. मोठी गाडी जात नाही. अग्निशमनाच्या बंबाची तर गोष्टच सोडा.

हा आकडा नगरपरिषदेच्या फाइलीत पहिल्या दिवसापासून होता. घराचं लॉज करण्याच्या अर्जासोबतच्या नकाशावर मात्र 'अस्तित्वातील रस्ता' एवढंच लिहून दोन समांतर रेषा मारल्या होत्या. रेषा सरळ आणि फणस गायब.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका क वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीतलं हे प्रकरण. गावाचं नाव देत नाही, माणसांची तर नाहीच, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील इकडचे तिकडे केलेत. मी परवानाधारक अभियंता आहे. फाइल माझ्याकडे आली ती नकाराचं पत्र हातात पडल्यावर. आधी कोणी काय केलं हे मला कागदांवरून आणि अण्णांच्या ओटीवर बसून कळलं.

अण्णा एसटीतून निवृत्त झालेले. घर आजोबांनी बांधलेलं: जांभ्याच्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, पुढे पडवी, आत ओटी, माजघर, वर माडी आणि मागे गुरांचा मांगर. गुरं गेली, मांगरात आता माडाची झापं आणि जुनी खाट. धाकटा मुलगा मुंबईत हॉटेलात फ्रंट ऑफिसला होता. मार्च २०२० मध्ये हॉटेल बंद झालं आणि तो घरी आला. सहा महिने वाट पाहिली, मग ठरवलं की परत जायचं नाही. जिल्हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर आहे, चिपीचा विमानतळ होणार होणार म्हणतात, समुद्र पाच मिनिटांवर, घरात माणसं दोन आणि खोल्या सात. त्याचं गणित चुकीचं नव्हतं.

जानेवारी २०२१ मध्ये अर्ज गेला. वापर बदल, निवासीवरून लॉजिंग. माडीसकट जुन्या घरात सहा खोल्या, प्रत्येकीला संडास-बाथरूम. मांगर पाडून त्या जागी तळमजला अधिक एक अशा आणखी चार. एकूण बांधकाम साडेतीनशे चौरस मीटरच्या आसपास. 'लॉज' हा शब्द कोणी सुचवला असं मी विचारलं, तर उत्तर आलं की एजंटाने. होमस्टे म्हटलं की बँक कर्ज देत नाही म्हणाला. बँकेचं मला ठाऊक नाही, पण त्या एका शब्दाने पुढचं सगळं कठीण झालं.

परवानगी लागते हे मुलाला मान्य होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. किनाऱ्यावर अशी किती घरं आहेत जिथे पाटी आधी लागते आणि अर्ज नोटीस आल्यावर जातो! विचारलं तर मालक गुमास्ता, म्हणजे धंद्याच्या नोंदणीचा कागद, दाखवतो, खाद्य परवाना दाखवतो, व्यावसायिक दराने भरलेली घरपट्टी दाखवतो. यातला एकही कागद वापर बदलाची परवानगी नव्हे. घरपट्टी प्रत्यक्ष वापर पाहून लागते. नगरपरिषदेने पैसे घेतले म्हणजे वापर मान्य केला, असं होत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात 'विकास' या शब्दातच वापरातला बदल धरलेला आहे, एक वीटही न हलवता केलेला असला तरी. त्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो. मुलाने तो केला. चुकला तो अर्जात.

महिन्याभरात त्रुटीपत्र आलं. सहहिस्सेदारांची संमती नाही, रस्त्याची रुंदी मोजून दाखवा, वाहनतळ कुठे, सांडपाण्याची व्यवस्था काय, सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा जोडा. रास्त प्रश्न होते. पण या वेळेपर्यंत वाडीत कुणकुण लागली होती आणि प्रकरण कागदावरून माणसांवर आलं.

आपल्याकडे शेजाऱ्याला कळवायची पद्धत कायद्यातच नाही. साध्या बांधकाम परवानगीच्या किंवा वापर बदलाच्या अर्जाची जाहीर सूचना निघत नाही, हरकती मागवत नाहीत. पाणंदीत चिऱ्याचा ट्रक अडकला की शेजाऱ्याला कळतं. इथेही तसंच झालं. मुलाने परवानगीच्या भरवशावर दोन ट्रक चिरे मागवले. ट्रक आत जाईना, म्हणून चिरे पाणंदीच्या तोंडाशीच उतरवले. दुसऱ्या दिवशी तेवीस सह्यांचं निवेदन तयार.

निवेदनात संस्कृती होती, वाडीची शांतता होती, 'बाहेरची माणसं' होती, दारू होती. नळाच्या दाबाची एक ओळ सोडली तर मोजता येईल असं काही नव्हतं. खरी हरकत त्या कागदावर नव्हतीच. ती मला पुढे काकींनी सांगितली. काकी म्हणजे फणसाच्या बाजूच्या घरातल्या, एकट्याच राहतात. नळ आहे, पण पिण्याचं पाणी त्या आपल्या बावीचंच घेतात. मुलगा त्यांना समजावायला गेला होता, टाकी पक्की असतली, काळजी करू नको म्हणून. काकी म्हणाल्या, "तुझे पावणे दोन दिस ऱ्हवान जातले. माका जन्मभर त्याच बावीचा पाणी पियाचा आसा."

दहा खोल्यांचा शोषखड्डा नकाशात मांगराच्या मागे दाखवला होता. तिथून काकींची बाव मी मोजली. नऊ मीटर. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांच्यात किमान अंतर ठेवावं लागतं, आणि नऊ मीटर त्यात बसत नाही. पण नियम बाजूला ठेवून जमिनीकडे बघा. आपला जांभा सच्छिद्र आहे, वर पडलेलं पाणी तो झरझर खाली सोडतो. म्हणून तर पावसाळ्यात खळ्यात चिखल टिकत नाही, आणि म्हणूनच शोषखड्ड्यातलं जे काही आहे तेही त्याच वेगाने बावीकडे निघतं. एका कुटुंबाचा संडास आणि भरल्या हंगामातले वीस पाहुणे यांच्यात फरक आहे. काकींना हे शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

निवेदन नगरसेवकाकडे गेलं आणि मार्चच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला: सदर वाडीत कोणत्याही व्यावसायिक वापरास परवानगी देण्यात येऊ नये. एकमताने. वाडी खूश.

या ठरावाला परवानगीच्या दृष्टीने किंमत नव्हती. अर्ज मंजूर की नामंजूर, हा निर्णय मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने होतो, तांत्रिक छाननीवरून, मंजूर विकास आराखडा आणि नियमावली यांच्या चौकटीत. सभागृहातल्या हात वर करण्याने तो होत नाही. इथे गल्लत सर्रास होते. अर्जदार नगरसेवकाच्या घरी नारळ घेऊन जातो, हरकतदार निवेदन घेऊन जातो, आणि नगरसेवक दोघांनाही 'बघतो' म्हणतो. निवडून आलेल्या सभेचं खरं वजन आराखडा तयार होताना असतं: कुठला पट्टा निवासी, कुठला व्यापारी, रस्ता किती रुंद, आरक्षण कुठे. तेव्हा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, लोकांच्या हरकती येतात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मंजूर झाल्यावर बदल हवा असेल तर कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव सभेने करायचा, सूचना काढायची आणि शासनाकडे पाठवायचा. वाडीला खरंच लॉज नको असतील तर रस्ता तो होता. पण त्यासाठी दोन वर्षं धावावं लागतं. ठराव एका दुपारी होतो.

इकडे मुलगा दिवस मोजत होता. कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत होकार-नकार कळवला नाही तर परवानगी दिल्याचं मानलं जातं, हे त्याला एजंटाने सांगितलेलं. मार्च संपता संपता त्याचे साठ दिवस भरले. "मानीव झाली ना?" नाही. त्रुटी काढल्या असतील तर अर्जदाराने उत्तर दिल्यापासून साठ दिवस मोजायचे. आणि समजा भरले, तरी प्रस्ताव नियमावलीत चोख बसत असेल तरच ही मानीव परवानगी. दोन मीटर सत्तरच्या पाणंदीतला लॉज साठ काय, सहाशे दिवसांनीही मानीव होत नाही. त्रुटींचं उत्तर गेलं २७ एप्रिलला, तेही अर्धवट.

१६ मे २०२१. तौक्ते. समुद्राकडचा माड मांगरावर आडवा पडला. कौलं गेली, वासे मोडले, मागची भिंत कलली. माडीवरची शेदोनशे कौलंही उडाली. पंचनामा झाला, ताडपत्र्या आल्या. मुलाला यातही वाट दिसली: वादळात पडलंय ते 'दुरुस्ती' म्हणून उभं करू, दोन मजली. मोडलेली कौलं, वासे बदलणं, बाहेरचं रूप न बदलता केलेली डागडुजी, याला परवानगी लागत नाही हे खरं. एकमजली मांगराच्या जागी दोन मजले म्हणजे डागडुजी नव्हे. अण्णांनी त्याला थांबवलं. कायदा माहीत होता म्हणून नाही. समोरच्या घरातला नगरसेवकाचा मेहुणा रोज सकाळी मोबाइलवर फोटो काढायचा म्हणून.

२४ जूनला नकार आला. उत्तर दिल्यापासून अठ्ठावन्नावा दिवस. कोणीतरी फाइलीवर दिवस मोजत होतं.

पत्रात पाच कारणं होती. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीची नोंद असलेल्या कागदावर, अकरा नावं, संमती चौघांची. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे दाट वस्तीत नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचा प्लॉट निवासी पट्ट्याच्या पहिल्या प्रकारात मोडतो, तिथे लॉज अनुज्ञेय नाही. वाहनतळ नाही. शोषखड्ड्याचं अंतर अपुरं. आणि पाचवं, सर्वसाधारण सभेचा ठराव क्रमांक अमुक.

माझं मत सरळ आहे: नकार बरोबर, पाचवं कारण चूक. ते लिहायचं काही कारण नव्हतं. पहिली चार आपल्या पायावर उभी होती. पाचव्याने पत्राला वास आला, आणि कुडाळच्या एका वकिलांनी नेमका तोच हुंगला. कलम ४७ खाली चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करा, लोकांच्या दबावाखाली नाकारलंय असं म्हणा. मुदत ३ ऑगस्टपर्यंत. अण्णा त्या आठवड्यात माझ्याकडे आले. "सायबानू, तुमी काय म्हणतास?"

मी म्हटलं, अण्णा, पाचवं कारण पडेल. बाकीची चार कोण पाडणार? अपिलात रस्ता रुंद होत नाही.

नावापुरतं सीआरझेडही सांगतो, कारण गावात निम्मी चर्चा त्याचीच होती आणि ती जवळजवळ सगळी फुकट होती. सीआरझेड म्हटलं की प्रत्येकाच्या तोंडी 'दोनशे मीटर'. घर भरतीरेषेपासून दीडशेच्या आत, म्हणजे संपलं, असं हरकतदारांचं म्हणणं. दोनशे मीटरचा ना-विकास पट्टा सीआरझेड-तीनचा, म्हणजे मुख्यतः ग्रामीण, विरळ किनाऱ्याचा. २०१९ च्या अधिसूचनेत तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असलेल्या ग्रामीण भागासाठी तो पन्नासवर आणला. हे घर नगरपरिषदेच्या दाट वस्तीत, सीआरझेड-दोनमध्ये, आणि समुद्र नि घर यांच्या मध्ये जुना डांबरी रस्ता. अशा रस्त्याच्या आतल्या बाजूला बांधकाम करता येतं. तेव्हा समुद्र आडवा येत नव्हता, आडवा येत होता तो शब्द. स्वतः राहायचं तीनशे चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर स्थानिक पातळीवर मंजुरी होते. लॉज म्हटलं की ती सवलत गेली, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस आणा, मुंबईला फाइल. शिवाय, पडलेली इमारत पुन्हा बांधताना सीआरझेड-दोनमध्ये वापर बदलता येत नाही. मांगर पाडून 'पुनर्बांधणी' म्हणाल तर मांगरच बांधावा लागेल!

अपील केलं नाही. मुलगा माझ्यावर महिनाभर रागावला होता.

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. या घराला, या पाणंदीत, काय झेपतं? तीन खोल्या. अण्णा आणि त्यांच्या पत्नी घरातच राहणार, माडीवरच्या दोन आणि ओटीलगतची एक पाहुण्यांना. जोतं तेच, दर्शनी रूप तेच. मांगराला हात नाही. नवी सेप्टिक टाकी घराच्या दुसऱ्या अंगाला, माडांत, काकींच्या बावीपासून एकवीस मीटरवर. गाड्या देवळासमोरच्या मैदानात, देवस्थानाच्या लेखी संमतीने, तिथून बॅगा हातगाडीवर. आणि नोंदणी पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत. कागदावर घर घरच राहिलं.

उरली मिळकत पत्रिका. माझ्या अनुभवात कोकणातल्या निम्म्या फाइली रस्त्याने नाही, आराखड्याने नाही, इथे मरतात. पत्रिकेवर अण्णांच्या आजोबांच्या वारसांची अकरा नावं. चार जिल्ह्यात, पाच मुंबई-डोंबिवली-विरारकडे, एक पुण्यात, आणि एक वारलेले, ज्यांची वारस नोंदच झालेली नाही. नगरपरिषद मालकीचा वाद सोडवत बसत नाही, ते दिवाणी कोर्टाचं काम. पण कागदावर अकरा दिसले तर ती अकरा सह्या मागते, आणि मागायलाच हवी.

गणेश चतुर्थी त्या वर्षी १० सप्टेंबरला होती. आदल्या दिवसापर्यंत सगळे आले. मला आरतीनंतर बोलावलं होतं, नकाशा घेऊन. ओटीवर पंधरा माणसं, मध्ये नकाशा, त्यावर मोदकाचं ताट ठेवू नका म्हणून मीच दोनदा सांगितलं. मला वाटलं होतं, हिश्शाचं बोलतील, भाड्यात वाटा मागतील. डोंबिवलीचे धाकटे चुलते बराच वेळ गप्प होते. मग माडीवरच्या खोलीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या खोलयेत पावणे. मगे आमी चवतीक खंय ऱ्हवाचा?"

ओटीवर कोणी बोलेना. त्या खोलीत ते जन्मले होते. जानेवारीतल्या नकाशात तिथे 'खोली क्र. ५, दुहेरी' असं लिहिलं होतं, आणि चौघांच्या सह्या सोडून बाकी सह्या का आल्या नाहीत हे आठ महिने कोणालाच कळलं नव्हतं. सगळे समजत होते, भाऊबंदकी.

शंभराच्या मुद्रांकावर संमतीपत्र झालं. मजकूर मीच लिहिला. चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत आणि शिमग्याचे पाच दिवस घरात पाहुणा घ्यायचा नाही. माडीवरच्या खोलीचं कुलूप बदलायचं नाही. मालकी हक्कावर या संमतीचा परिणाम नाही. नऊ सह्या तिथेच झाल्या. पुण्याच्यांनी आठवड्याने पाठवली. वारलेल्या काकांच्या मुलांनी वारस नोंदीचा अर्ज केला. ती नोंद व्हायला त्यापुढे चार महिने लागले, ते चार महिने आम्ही थांबलो.

९ ऑक्टोबरला चिपीला पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं आणि मुलाने मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, "आता?" नोव्हेंबरात दुरुस्ती आणि टाकीचा सुधारित प्रस्ताव गेला. डिसेंबरात नगरपरिषदेची मुदत संपली, प्रशासक आले. ठराव करणारी सभा राहिली नाही, ठराव मात्र फाइलीत राहिला. नव्या छाननीत त्याचा कोणी उल्लेख केला नाही. तीन खोल्या निवासी वापराचाच भाग धरल्या गेल्या आणि वारस नोंद पत्रिकेवर चढल्यावर, मार्च २०२२ मध्ये, परवानगीचं पत्र आलं. एका पानाचं.

धंदा मुलाने सांगितलेल्या गणितापेक्षा निम्मा चालतो. बँकेचं कर्ज झालं नाही, तीन खोल्यांची डागडुजी त्याच्या मुंबईच्या शिलकीतून झाली. पावसात पाहुणे मैदानातून चालत येताना कुरकुर करतात, तेव्हा तो छत्र्या घेऊन उभा असतो. तेवीस सह्यांमधल्या दोघांच्या घरी आता तशाच पाट्या आहेत. अर्ज कोणी केलाय असं माझ्या कानावर नाही.

मांगर ताडपत्रीखालीच आहे. त्याचं काय करायचं यावर अकरा नावांचं अजून एकमत नाही. दोन ट्रक चिरे पाणंदीच्या तोंडाशी रचलेले तसेच आहेत, खालच्या थरावर शेवाळ चढलंय. ते दिवसभर उन्हात तापतात म्हणून काकी एप्रिल-मेमध्ये त्यांच्यावर सोलं सुकत घालतात.